पडवीतली हजेरी

लालबीच्या शिवणवर्गाला सरकारी मान्यता मिळाली तेव्हा सोंडेवाडीला वाटलं, आता हिच्या दारात रोज जीपगाडी उभी राहणार. तसं काही झालं नाही. एक पाटी आली, एक हजेरीपट आला आणि नियमांचा एक छापील कागद आला. पाटी लालबीच्या नवऱ्यानं, निसारनं, पुढच्या खोलीच्या म्हणजे सोप्याच्या दारावर ठोकली. ती जरा तिरकी बसली आणि तशीच राहिली. निसार मलकापूरच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर बसून शिवायचा. कापडाची शिवण त्याच्या हातून कधी तिरकी गेली नाही, पण खिळ्याशी त्याचं जमायचं नाही.

लालबी मूळची कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली. लग्नाआधीच तिनं शिवणकामाची सरकारी परीक्षा दिलेली. सासरी आल्यावर पंधरा-सोळा वर्षं ती परीक्षा ट्रंकेत पडून होती. मग गावात महिला मंडळ निघालं, मंडळाला चार मशिनी मिळाल्या, आणि त्या ठेवायला गावात कोरडा सोपा तेवढा लालबीचाच निघाला. डोंगराकडेच्या त्या पावसात कोरडी जागा म्हणजे मोठी मालमत्ता. पटावर एकोणीस पोरी आल्या. वर्षभर ऐंशी टक्के हजेरी भरली की त्यांनी परीक्षेला बसायचं, सर्टिफिकेट मिळवायचं, आणि सर्टिफिकेट असलं की सरकारकडून निम्म्या किमतीत मशीन. मशीन घेऊन सासरी गेलेली पोर दुसऱ्याच्या बांधाला राबायला जात नाही, एवढं गणित सोंडेवाडीतल्या सगळ्या आयांना न शिकता येत होतं.

अडचण निघाली ती पहिल्याच महिन्यात. एके सकाळी तानाबाई आली. तिची हौसा वर्गात होती. तानाबाईचा आवाज म्हणजे ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलायला केलेला. घरात बोलली तरी तेवढाच.

"लालबी, आज हौसा मशीनीला शिवणार न्हाय."

"का गं तानाक्का?"

"आता का म्हून काय इचारतीस? चार दीस न्हाय शिवणार. दसऱ्याला आमी हळद-कुकू लावून पुजतो तिला. तिला इटाळ करून कसं चालंल?"

लालबीला खरं तर हसू आलं. मशीन मुसलमानाच्या सोप्यात आहे, तेल तिला निसार घालतो, आणि विटाळ मात्र हौसाचा. पण ती हसली नाही. ज्यांच्यात राहायचं त्यांच्या रीतीला हसून कसं भागेल? तिनं पडवीत एक पोतं अंथरलं आणि हौसाला तिथं बसवलं. हातात कापडाचा तुकडा दिला, सुई-दोरा दिला आणि काजं घालायला लावली. दुसऱ्या दिवशी आणखी एक पोर पडवीत आली. मग ते चालूच राहिलं. महिन्यातले चार दिवस प्रत्येक पोर पडवीत बसायची. काजं, हूक, तुरपाई, असलं हातकाम करायची. हजेरी घेताना लालबी उंबऱ्यात उभी राही, आतल्यांचीही नावं घेई, बाहेरच्यांचीही. दोन्हीकडून 'हजर' येई. तिच्या मनात कधी शंका आली नाही. पोर आली, दिवसभर बसली, शिकली. मग ती हजर नाही तर काय?

साहेब आले ते दिवाळीच्या तोंडावर. भातकापणी ऐन भरात होती. निम्म्या पोरी सकाळी कापणीला जाऊन, केसांत भाताची कुसळं घेऊनच वर्गात यायच्या. गणपतराव शिंत्रे असं साहेबांचं नाव. सडसडीत, नाकावर चष्मा, बोलणं हळू. बरोबर सरपंच पिराजी होता. साहेब गावात आला की पिराजीच्या अंगात जरा जास्तच सरपंच यायचा.

त्या दिवशी पडवीत चार पोरी होत्या. हौसाही त्यांत होती. जीपचा आवाज आला, दोन बापई माणसं फाटकातून आत येताना दिसली, आणि चौघीजणी हातातलं कापड तसंच घेऊन उठल्या आणि परड्यात, गोठ्यामागं गेल्या. पडवीत पोर बसली म्हणजे काय, हे सोंडेवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. परक्या माणसापुढं तसं कोण बसून राहील?

साहेबांनी मशिनी पाहिल्या, कापडं पाहिली, परकराची शिवण ओढून पाहिली आणि मान डोलावली. मग हजेरीपट मागितला. बोटानं मोजलं, मग सोप्यातल्या पोरी मोजल्या.

"बाई, पटावर आज एकोणीस हजर आहेत. इथं पंधराच दिसतात."

"चौघी परड्यात गेल्यात साहेब."

"बोलवा की त्यांना. आम्ही थांबतो."

लालबी परड्यात गेली. गोठ्याच्या भिंतीला चौघी चिकटून उभ्या. "चला गं. नुस्तं नाव सांगायचं, आन् परत यायचं," ती म्हणाली. हौसानं जोरात मान हलवली. दुसरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, पिराजीबापू हाय तितं," ती पुटपुटली. लालबीनं एकीचा दंड धरला, आणि सोडला. जबरदस्ती कशी करायची? ती तशीच परत फिरली.

"यायच्या न्हाईत त्या."

"का?"

लालबीच्या जिभेवर होतं. पण समोर पिराजी दात कोरत उभा, भिंतीला पंधरा पोरी माना खाली घालून बसलेल्या. लालबीचा चेहरा तापला.

"बघा बाई," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "मी जिल्हाभर फिरतो. पटावर वीस नावं आणि खोलीत नुसती मशीन, असे वर्ग मी रोज बघतो. त्यांनाही विचारलं की पोरी परड्यातच असतात. तुमचं काम चांगलं आहे, पण आज मी जे बघितलं तेच लिहिणार."

त्यांनी पंधरा जणींची नावं विचारून पटावरची उरलेली चार उतरवून घेतली आणि शेरा लिहिला. चार नावं खोटी हजर मांडली आहेत. आठ दिवसांत पालकांच्या सहीचा खुलासा कोल्हापूरच्या कचेरीत आणावा. तोवर परीक्षेचे फॉर्म थांबवावेत. खुलासा न आल्यास मान्यता रद्द करावी. नुसत्या त्या चौघींच्याच नाही, सगळ्या एकोणीस पोरींच्या परीक्षेवर गदा आली.

संध्याकाळी निसारनं सगळं ऐकून घेतलं. तो मापाच्या कापडी पट्टीनं पाठ खाजवत बसला होता. "ताप आलता म्हून लिव की. चौघींनाबी ताप. हवाच तसली हाय."

"ताप आलता तर मी हजर कशी मांडली? मग तर मी खोटीच."

"मग खरंच लिव."

"खरं लिवलं तर सही कोण करंल?"

निसारनं पट्टी गुंडाळून ठेवली आणि भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी तानाबाईच्या शेतात लालबीचा पैरा होता. आठवड्यापूर्वी तानाबाई येऊन लालबीच्या तुकड्यातलं भात कापून गेलेली. आता लालबीनं तिच्याकडं जायचं. ती विळा घेऊन भल्या सकाळी गेली. शिवारात दव एवढं होतं की पोटऱ्यांपर्यंत लुगडं भिजून जड झालं. दोघी शेजारी-शेजारी बसून पात लावत गेल्या. एका मुठीत मावतील तेवढी ताटं धरायची, विळा बुडाला लावायचा, ओढायचा, मूठ मागं टाकायची. ऊन चढलं तशी भिजलेली लुगडी वाळून कडक झाली, भाताच्या पात्यांनी कोपरापर्यंत बारीक रेघा उठल्या आणि त्यांत घाम झोंबू लागला. लालबीनं बोलायला धीर गोळा करेस्तोवर न्याहारीची वेळ झाली.

"तानाक्का, एक सही पायजे तुजी. आंगठा दिलास तरी चालंल."

"कशाला?"

लालबीनं सांगितलं. तानाबाईचा विळा थांबला.

"माझ्या लेकीचं असलं मी सरकारच्या कागदावर लिवून देऊ? कचेरीत धा बापय ते वाचणार. हौसाला बघाय मलकापुरास्नं पावणं येणार हाईत, ठावं हाय न्हवं तुला? उद्या गावभर झालं तर?"

"गावभर काय व्हायचंय त्यात? हे समद्यांच्या घरात हाय."

"घरात हाय, ते घरात ऱ्हाऊ दे. कागदावर कशाला?" तानाबाईनं विळा पुन्हा भाताला लावला. "तू मला काय बी माग लालबी. ह्ये मागू नगंस."

लालबी रागानं उठून गेली नाही. पैरा होता तो तिनं दिवस मावळेपर्यंत पुरा केला, पेंढ्या बांधल्या, खळ्यावर चार खेपा टाकल्या. जाताना तानाबाईनं तिच्या ओच्यात ओंजळभर शेंगा घातल्या. दोघींनाही अवघडल्यासारखं झालं होतं. बाकीच्या तिन्ही घरी लालबीला शेंगासुद्धा मिळाल्या नाहीत. एका घरी तर पोरीच्या चुलत्यानं, "बाईनं आमच्या पोरींची हजेरी घ्यावी, बाकीच्या चौकशा कशाला?" असं तोंडावर सुनावलं. हे ऐकून घेताना लालबीला पहिल्यांदा वाटलं की वर्ग बंद पडला तर पडू दे. घरी येईपर्यंत तिनं तो विचार वाटेतच टाकून दिला.

मुदत संपायच्या आत ती लाल गाडीनं कोल्हापूरला गेली. कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली. हातात कागद नाही म्हणून कारकून आत सोडेना. शेवटी साहेबच पाणी प्यायला बाहेर आले आणि त्यांनी ओळखलं.

"आणला खुलासा?"

"तोंडी आणलाय."

"तोंडी चालत नाही बाई."

आत साहेबांच्या टेबलाशेजारी दोन कारकून बसले होते. लालबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, टेबलाची कड धरली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "साहेब, त्या पोरी तवा इटाळशी व्हत्या. पडवीत बसून काजं घालत व्हत्या. तुमाला बघून लाजल्या आन् पळाल्या. दर म्हैन्याला चार दीस समद्याच तशा बसत्यात. मशीनीला शिवत न्हाईत. म्हून त्यास्नी मी गैरहजर मांडू? चार दीस ह्ये, आन् सुगीचे खाडे. ऐंशी टक्के कुणाची भरायची?"

एका कारकुनाची लेखणी थांबली. दुसरा उगाचच फायलींचा गठ्ठा सारखा करू लागला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर ठेवला, पुन्हा काढला. चाळिशी ओलांडलेला, तीन लेकींचा बाप माणूस. पण कचेरीच्या टेबलावर ही गोष्ट त्यानं कधी ऐकली नव्हती.

"हातकामाचे तास अभ्यासक्रमात आहेत," ते म्हणाले. "ते कुठं बसून करायचे असं नियमात लिहिलेलं नाही. पडवीत केले तरी हजेरी धरता येईल. पण बाई, माझा शेरा फाईलला गेलाय. तो मी नुसत्या ऐकण्यावर कसा बदलू? पालकांची सही…"

"सही मिळणार न्हाय. तुमी येऊन बघा."

"आलो होतो की. पळाल्या."

"आता न्हाय पळणार."

हे शब्द तिच्या तोंडातून गेले कसे, तिचं तिलाच कळलं नाही. साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"फॉर्म पाठवायच्या आत एकदा येईन. दिवस सांगणार नाही. पटावर जेवढी नावं, तेवढ्या पोरी मला माझ्या डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. आत बसू देत, बाहेर बसू देत. एक जरी कमी निघाली, तर मग माझ्या हातात काही नाही."

परतीच्या गाडीत लालबीचा जीव थोडा हलका झाला आणि घाट चढेपर्यंत पुन्हा जड झाला. पोरी पळणार नाहीत असं तिनं परस्पर सांगून टाकलं होतं. पोरींना विचारलं कुणी होतं?

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं सगळं सांगितलं. पोरी खाली बघत बसल्या. संध्याकाळी तानाबाई खळ्यावरनं थेट आली, लुगड्याचा ओचा खोचलेला, अंगभर तूस.

"सांगितलंस? परक्या बाप्याला, कचेरीत, समद्यांपुढं?"

"नाव न्हाय घेतलं कुणाचं."

"नाव त्यानं पटावरनं लिवून नेलंय! आता तो येणार, आन् पडवीत कोण बसलंय ते बघून जाणार. आन् संगं पिराजी. जत्राच की!" ती दम घ्यायला थांबली. "हौसा त्या दिसात येणार न्हाय हिथं. घरात बसंल."

"मग मी तिला गैरहजर मांडणार तानाक्का. मला आता दुसरं लिवता येत न्हाय."

"मांड की! मांड!"

तानाबाई गेली. पुढच्या महिन्यात ते दिवस आले तेव्हा हौसा खरंच आली नाही. तिच्यामागं आणखी दोघी आल्या नाहीत. लालबीनं त्यांच्या नावापुढं गैरहजर मांडलं. मांडताना तिला फार वाईट वाटलं. हौसाचा हात सगळ्या वर्गात चांगला होता, आणि टक्के आता अगदी काठावर आले होते. निसारनं दोन दिवस तिची चेष्टासुद्धा केली नाही, यावरून काय ते समजावं.

साहेब आले ते बाजाराच्या दिवशी. या वेळी जीप नव्हती. फाट्यावर गाडीतून उतरून ते चालत निघाले होते. लालबी सोप्यात एका पोरीला बाही बसवून दाखवत होती, तेवढ्यात फाटकातून ओळखीचा आवाज घुमला.

"लालबे! आला की तो! फाट्यावर उतारलाय! आन् पिराजीनं त्येला गाठलंय वाटंत!"

तानाबाई धापा टाकत अंगणात उभी होती. हातात अजून विळा, आणि मागं हौसा. बाकीच्या दोघींनाही ती त्यांच्या घरातून उठवून घेऊन आली होती.

"तानाक्का, तू…"

"बोलू नगंस आता. ही पोर काल दीसभर घरात बसून बापाच्या सदऱ्याला काजं घालत व्हती. बघत बसलो मी. म्हटलं, हेच काम लालबीच्या पडवीत केलं तर हजर, आन् माझ्या घरात केलं तर गैरहजर. आन् तिथं बसू न्हाय देत ती मीच. पोरगी एक शब्द बोलंना. बोलली असती तर चार शिव्या घालून मोकळी झालो असतो." ती आत डोकावली आणि गरजली, "उठा गं समद्या! मशीनी सोडा. भाईर या!"

पोरी बघतच राहिल्या. एक म्हणाली, "मावशी, पर मी तर…"

"तू हाईस का न्हाईस, मला सांगू नगंस. कुणालाच सांगू नगंस. एकोणीसच्या एकोणीस पडवीत बसा, मग बघू दे त्येला काय बघायचं ते!"

लालबीला तेव्हा कळलं. तिनं भराभरा पोती आणली, सतरंजी आणली, निसारचं जुनं धोतर फाडून तुकडे केले. साहेब फाटकात आले तेव्हा पडवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोरी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, हातात सुया, माना खाली. सोप्यात चारही मशिनी गप्प.

साहेब थबकले. त्यांनी एकदा पडवीकडं पाहिलं, एकदा आत पाहिलं.

"आज मशीनवर कुणीच नाही?"

"आज समद्यास्नी हातकाम दिलंय," लालबी म्हणाली.

साहेबांनी बराच वेळ त्या रांगेवरून नजर फिरवली. मग पट हातात घेऊन त्यांनी एकेक नाव पुकारलं. 'हजर', 'हजर', असं येत गेलं. हौसाचं नाव आलं. तिचा आवाज आधी फुटेना. मग असा मोठा फुटला की हुबेहूब आईचा वाटला. कुणी तरी फिस्सकन हसलं. पिराजी मागं उभा राहून मान उंचावत होता, एकेका पोरीचा चेहरा न्याहाळत होता.

"पिराजी, तू रं काय मोजतुयास?" रांगेच्या शेवटून तानाबाई म्हणाली. "तुझ्या दोन्ही भाच्या हाईत हितंच. सांग बघू, काय कळतंय का?"

पिराजीनं घाईघाईनं गावाच्या रस्त्याकडं तोंड फिरवलं.

साहेबांनी पट मिटला. "पटावर एकोणीस. इथं वीस आहेत. या कोण?"

तानाबाईच्या मांडीवर कापड होतं आणि बोटांत सुई. सुईत दोरा ओवायचा राहूनच गेला होता. तिच्या वयाच्या बाईला पडवीत बसायचं कारण संपून काही वर्षं झाली होती.

"मीबी शिकतो की साहेब," ती म्हणाली. "एक जास्त झाली तर चालतंय न्हवं तुमच्या नेमात?"

"जास्त चालते," साहेब म्हणाले. त्यांनी उभ्या-उभ्या शेरा लिहिला. सर्व एकोणीस प्रशिक्षणार्थी समक्ष हजर, हातकाम चालू, मागील शेरा रद्द करावा, परीक्षेचे फॉर्म स्वीकारावेत. लालबीनं दिलेलं पाणी ते गटागटा प्याले आणि पिराजीला बरोबर घेऊन फाट्याकडं चालू लागले.

ते वळणाआड गेले. तरी पडवीतून कुणी उठलं नाही. आता एकदोघी आत मशीनवर गेल्या असत्या, तर मागं राहिलेल्या कोण, ते आपोआप दिसलं असतं. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. चार वाजता वर्ग सुटेपर्यंत सगळ्या तशाच काजं घालत बसल्या. लालबीही त्यांच्यात बसली. तानाबाईचं उशिरा पिकणारं गरवं भात कापून शिवारात उघड्यावर पडलं होतं, तीही उठली नाही. हौसानं ओवून दिलेल्या सुईनं ती वेडेवाकडे टाके घालत राहिली.